फ्रेंच खेळमेज आणि कोकणचा पट

रत्नागिरी शहर मागे टाकून काजळी नदीच्या मुखावरील पूल ओलांडला की भाट्ये गाव लागते. सुरूचे बन, लांबच लांब वाळूचा किनारा, माडांच्या बागा आणि १९५५ पासून येथे कार्यरत असलेले नारळ संशोधन केंद्र ही या गावाची ओळख. आषाढात भाताची लावणी आटोपली आणि श्रावणसरी सुरू झाल्या की या किनाऱ्यावरच्या घरांत ओटीवर वा पडवीत खेळ मांडण्याची रीत जुनी आहे. त्यासाठी वेगळे सामान लागत नसे. एक चटई, कापडाचा पट, मूठभर सोंगट्या आणि फासे एवढ्यावर पावसाळी दुपार निघून जाई.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये नेमक्या याच कारणासाठी, म्हणजे चार माणसांची संध्याकाळ सुखात जावी यासाठी, जगातील अत्यंत गुंतागुंतीचे लाकडी सामान घडवले जात होते. पॅरिसच्या नामांकित कारागिरांनी बनविलेली खेळाची मेजे आज संग्रहालयांच्या दालनांत काचेआड उभी आहेत. कोकणातील त्याच शतकातले पट आणि सोंगट्या मात्र बहुतांशी नाहीसे झाले. जे उरले त्यांचे कर्ते अज्ञात आहेत. हा फरक केवळ पैशाचा किंवा कौशल्याचा नाही. त्यामागे एका छोट्या लोखंडी शिक्क्याचाही मोठा हात आहे.

मेजाचा जन्म

चौदाव्या लुईने १६८२ मध्ये आपला दरबार व्हर्सायला हलविला. तेथे आठवड्यातून ठराविक संध्याकाळी राजवाड्याची दालने दरबारी मंडळींसाठी खुली होत आणि पत्ते, फासे, बिलियर्ड्स यांचे डाव रंगत. राजाच्या उपस्थितीत खेळणे हा शिष्टाचाराचाच भाग बनला. पुढे पंधराव्या लुईच्या कारकिर्दीत (१७१५ ते १७७४) भव्य दालनांऐवजी लहान, उबदार खोल्यांची आवड वाढली. अशा खोल्यांत हलके, हलविण्याजोगे आणि एकाहून अधिक कामांना येणारे सामान हवे होते. खेळाचे मेज ही त्या गरजेची संतती होय.

प्रत्येक खेळाला त्याचे स्वतंत्र मेज असे. चौघांच्या 'काद्रिय' या पत्त्यांच्या खेळासाठी घडी होणारे चौकोनी मेज असे. डाव संपला की ते मिटून भिंतीशी लावता येई. 'ब्रलाँ' या खेळाचे मेज गोल असून त्याच्या मध्यभागी खोलगट जागा असे. शतकाच्या उत्तरार्धात 'बुय्योत' या खेळासाठी संगमरवरी माथ्याचे, काठाला पितळी कठडा असलेले छोटे गोल मेज प्रचारात आले. त्यावर ठेवायच्या, सावलीची टोपी वरखाली करता येणाऱ्या दिव्यालाही पुढे याच खेळाचे नाव मिळाले.

त्रिकत्राकचे मेज

या सर्व प्रकारांत रचनेच्या दृष्टीने सर्वांत रंजक मेज म्हणजे त्रिकत्राकचे. त्रिकत्राक हा दोघांचा, फाशांचा खेळ. चोवीस त्रिकोणी घरे, प्रत्येकी पंधरा सोंगट्या आणि दोन फासे ही मांडणी बॅकगॅमनसारखीच. परंतु येथे केवळ सोंगट्या घरी नेणे हे उद्दिष्ट नसते. विशिष्ट स्थिती साधल्याबद्दल गुण मिळतात आणि ते पटाच्या कडेला असलेल्या छिद्रांत खुंटी पुढे सरकवून मोजले जातात. बारा छिद्रे आधी पूर्ण करणारा जिंकतो.

बाहेरून पाहता हे मेज लिहिण्याच्या साध्या मेजासारखे दिसते. त्याचा माथा मात्र सुटा असतो. एका बाजूला लिहिण्यासाठी चामडे किंवा पत्त्यांसाठी हिरवी बनात, आणि तोच माथा उलटा केला की दुसऱ्या बाजूला बुद्धिबळाचा पट. माथा पूर्ण उचलून बाजूला ठेवला की आत खोलगट हौद दिसतो. त्याच्या तळाशी गडद आणि फिकट त्रिकोण जडविलेले असतात. बऱ्याचदा एक रंग आबनुसाचा, दुसरा हस्तिदंताचा. कडेने गुण मोजण्याची छिद्रे, मेणबत्त्यांच्या बैठकांसाठी खोबण्या आणि समोरासमोरच्या दोन बाजूंना सोंगट्या ठेवण्याचे एकेक खण अशी व्यवस्था असते. दिवसा पत्रे लिहावीत, संध्याकाळी पत्ते किंवा बुद्धिबळ खेळावे आणि रात्री फासे टाकावेत, असे चार कामांचे हे एक सामान.

सुतार आणि एबेनिस्त

पॅरिसमध्ये लाकूडकाम करणाऱ्यांचे दोन वर्ग होते. भरीव लाकडातून खुर्च्या, पलंग, चौकटी घडविणारे ते एक आणि साध्या लाकडाच्या सांगाड्यावर मौल्यवान लाकडाचे पातळ पापुद्रे सरसाने चिकटविणारे ते दुसरे. या दुसऱ्या वर्गाला 'एबेनिस्त' म्हणत. आबनुसाच्या फ्रेंच नावावरून हा शब्द आला. हे काळेभोर लाकूड हिंदी महासागराच्या काठावरील प्रदेशांतून युरोपात जाई. ते इतके महाग आणि कठीण होते की त्याचे पापुद्रेच वापरणे परवडे. पुढे आबनुसाची जागा इतर रंगीत लाकडांनी घेतली तरी कारागिराचे नाव तेच राहिले.

एबेनिस्ताचा सांगाडा बहुधा ओक लाकडाचा असे. त्यावर हाताने कापलेले, साधारण एक ते दोन मिलिमीटर जाडीचे पापुद्रे बसत. वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांचे तुकडे कापून फुले, वाद्ये, भौमितिक आकृत्या जडविल्या जात. कोपऱ्यांना आणि पायांना सोन्याचा मुलामा दिलेल्या काशाचे दागिने बसविले जात. पण ते काम कायद्याने ओतारी आणि मुलामेकार यांचे होते. त्यामुळे एका मेजामागे अनेक हात असत.

या क्षेत्रातील मोठी नावे पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. 'फ्रेंच' म्हणून गाजलेले हे उस्ताद अनेकदा फ्रान्सबाहेर जन्मले होते. झाँ-फ्रान्स्वा एबेन जर्मन प्रदेशातून पॅरिसला आला आणि १७५४ मध्ये राजाचा एबेनिस्त झाला. यांत्रिक सामान ही त्याची खासियत. मादाम द पाँपादूर हिच्यासाठी त्याने घडविलेल्या मेजाचा खण पुढे ओढला की माथा आपोआप मागे सरकतो आणि मेजाची जागा जवळपास दुप्पट होते. १७६३ मध्ये एबेन मरण पावला. त्याने १७६० मध्ये आरंभिलेले पंधराव्या लुईचे प्रसिद्ध लेखनमेज त्याच्या कारखान्यातील झाँ-आँरी रीझनेर याने १७६९ मध्ये पूर्ण केले. रीझनेरही जन्माने जर्मनच. त्याने एबेनच्या विधवेशी विवाह करून कारखाना सांभाळला आणि पुढे मारी आंत्वानेतचा तो आवडता कारागीर ठरला.

तिसरे नाव डेव्हिड रोएंटगेन याचे. त्याचा कारखाना ऱ्हाइन नदीकाठच्या नॉयव्हीट येथे होता; मात्र १७८० मध्ये तो पॅरिसच्या संघाचा अधिकृत उस्ताद झाला आणि राजाराणीचा 'एबेनिस्त व यंत्रकार' म्हणून मिरवू लागला. १७८० ते १७८३ च्या सुमारास त्याच्या कारखान्यात तयार झालेले एक खेळमेज आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. मिटलेले असताना ते भिंतीशी ठेवायच्या साध्या मेजासारखे दिसते. एकेक पान उघडत गेले की पत्त्यांची आणि बुद्धिबळाची बैठक तयार होते आणि कळ दाबली की आत दडलेली बॅकगॅमनची पेटी वर येते. बाहेरून जवळपास निराभरण, आतून चकित करणारे असे हे काम आहे.

शिक्क्याची गोष्ट

ही नावे आज आपल्याला ठाऊक आहेत याचे एक मोठे कारण म्हणजे पॅरिसच्या सुतार-एबेनिस्त संघाचा नियम. १७४३ मध्ये तयार झालेल्या आणि १७५१ मध्ये अधिकृतपणे नोंदविल्या गेलेल्या नियमावलीनुसार प्रत्येक उस्तादाने आपल्या नावाचा लोखंडी शिक्का करून घ्यायचा आणि आपण बनविलेल्या वस्तूवर तो हातोडीने उमटवायचा असे ठरले. संघाचे तपासनीस कारखान्यांना भेटी देत. काम पसंत पडले तर ते शेजारी संघाची 'जे. एम. ई.' ही अक्षरे उमटवीत. पसंत न पडले तर माल जप्त होई.

हा नियम कलेच्या गौरवासाठी केलेला नव्हता. संघाबाहेरच्या कारागिरांना रोखणे आणि मालाची प्रत राखणे हा त्याचा व्यावहारिक हेतू होता. शिक्काही मेजाच्या खाली, माथ्याच्या आत किंवा मागच्या पट्टीवर, नजरेआड मारला जाई. मोठ्या विलासवस्तूंच्या व्यापाऱ्यांना तर तो नकोच असे, कारण कारागिराचे नाव कळले तर गिऱ्हाईक थेट त्याच्याकडे जाईल ही भीती.

तरीही त्या नजरेआडच्या शिक्क्याने इतिहास वाचविला. 'बी. व्ही. आर. बी.' या चार अक्षरांचे उदाहरण बोलके आहे. या शिक्क्याचे सामान पंधराव्या लुईच्या काळातील सर्वोत्तम कामात गणले जाई. पण ही अक्षरे कोणाची हे दीर्घकाळ कोणालाच ठाऊक नव्हते. जुन्या कागदपत्रांच्या आधारे १९५७ मध्ये त्यांचा उलगडा झाला आणि बर्नार व्हान रिझेनबर्ग हे नाव पुढे आले. सुमारे दोनशे वर्षे हरवलेला माणूस चार अक्षरांमुळे सापडला.

अर्थात शिक्का म्हणजे सर्वस्व नव्हे. राजाच्या थेट आश्रयाखाली काम करणारे कारागीर या नियमातून मुक्त असत, त्यामुळे उत्तम वस्तूवर शिक्का नसणेही शक्य असते. दुरुस्ती करणाऱ्या उस्तादानेही आपला शिक्का मारल्याची उदाहरणे आहेत. आणि एकोणिसाव्या शतकात जुन्या फ्रेंच सामानाची मागणी वाढल्यावर नकला झाल्या, तसे बनावट शिक्केही आले. म्हणून जाणकार शिक्क्याबरोबरच सांगाड्याचे लाकूड, पापुद्र्याची जाडी, खणाच्या तळाची झीज, खिळे आणि स्क्रू यांची घडण हे सारे तपासतात. हाताने कापलेला पापुद्रा किंचित जाड आणि असमान असतो. यंत्राने कापलेला पातळ आणि एकसारखा. पिढ्यान्‌पिढ्या हाताळलेल्या खणाच्या कडा जेथे घासायला हव्यात तेथेच घासलेल्या असतात.

क्रांतीनंतर या सामानाचे नशीब फिरले. १७९१ मध्ये कारागिरांचे संघ बरखास्त झाले आणि त्यांच्याबरोबर शिक्क्याची सक्तीही संपली. ऑगस्ट १७९३ पासून वर्षभर व्हर्साय राजवाड्यातील सामानाचा लिलाव चालला. सतरा हजारांच्या आसपास नग विकले गेले. रीझनेरने त्यात आपणच घडविलेले काही सामान परत विकत घेतले, पुन्हा विकता येईल या आशेने. पण लोकांची अभिरुची बदलली होती. १८०६ मध्ये हा राजमान्य कारागीर पूर्वीचे वैभव गमावून मरण पावला. त्याच्या वस्तू मात्र विखुरल्या तरी ओळखू येत राहिल्या, कारण त्यांच्यावर त्याचे नाव होते.

कोकणचा पट

कोकणात खेळासाठी मेज का घडले नाही, याचे पहिले उत्तर बैठकीत आहे. येथे जेवण, पूजा, लेखन आणि खेळ सारे जमिनीवर बसून होई. पाट आणि चौरंग हीच उंची. सारीपाटाचा पट कापडाचा, फुलीच्या आकाराचा. प्रत्येक भुजेवर आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे चार भुजांवर मिळून ९६ घरे. चार रंगांच्या सोळा सोंगट्या आणि लांबट फासे. खेळ संपला की पट गुंडाळून खुंटीला अडकवावा. फ्रेंच एबेनिस्ताने खेळ लाकडात बसविला, तर येथील कारागिराने तो कापडात गुंडाळला.

दुसरे उत्तर हवामानात आहे. भाट्यासारख्या गावात खाडीची आणि समुद्राची खारी हवा बारमाही असते. रत्नागिरी परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ओलावा शोषून लाकूड फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. सांगाडा आणि त्यावरचा पापुद्रा यांची ही हालचाल सारखी नसते. शिवाय जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला सरस दमट हवेत मऊ पडतो आणि त्याला बुरशी धरते. अशा हवेत त्रिकत्राकच्या मेजाचे जडावकाम फार पावसाळे टिकले नसते. त्यामुळे येथील सुताराने साग आणि फणस यांचे भरीव लाकूड निवडले आणि तुकडे एकमेकांत खाच पाडून बसविले. हे मागासलेपण नव्हते; ते जागेचे शहाणपण होते.

सावंतवाडीची गंजिफा

फ्रेंच खेळमेजाशी नाजूकपणात तुलना व्हावी अशी वस्तू कोकणात होती आणि आहे. ती म्हणजे सावंतवाडीची गंजिफा. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत सावंतवाडी रत्नागिरी जिल्ह्यातच होती. गंजिफा हा मूळचा इराणी वळणाचा पत्त्यांचा खेळ. बाबराने १५२७ मध्ये सिंधमध्ये एका स्नेह्याला गंजिफा पाठविल्याची नोंद आहे. मोगली गंजिफेत आठ रंगांची ९६ पाने असतात. भारतीय मनाने तिला दशावतारांचे रूप दिले आणि पाने १२० झाली. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. मत्स्याच्या पानावर मासे मोजायचे, कूर्माच्या पानावर कासवे, परशुरामाच्या पानावर परशू.

ही पाने गोल असतात. कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून पृष्ठ तयार करायचे, त्यावर खडूचा लेप द्यायचा, घोटून गुळगुळीत करायचे, रंगवायचे आणि शेवटी लाखेचा हात द्यायचा अशी ही प्रक्रिया. लाखेमुळे पान दमट हवेत तग धरते. जी अडचण पापुद्र्याच्या मेजाला येथे भेडसावली असती, तिच्यावर चिताऱ्यांनी शोधलेला हा उपाय होता. पाने ठेवायची रंगीत लाकडी पेटी हीसुद्धा कलावस्तूच. चौरंग, पाट, पेट्या यांवरही हेच चितारकाम होई.

खेम सावंत तिसरे (कारकीर्द १७५५ ते १८०३) यांच्या काळात ही कला सावंतवाडीत बहरली, असे मानले जाते. म्हणजे पॅरिसमध्ये एबेन आणि रीझनेर खेळाची साधने घडवीत होते, त्याच दशकांत सावंतवाडीचे चितारी दशावतारांची पाने रंगवीत होते. एकाचे नाव, जन्मगाव, विवाह, मृत्यूचे वर्ष सारे उपलब्ध आहे. दुसऱ्याचे आहे ते फक्त आडनाव, आणि तेही व्यवसायाचेच: चितारी.

छापील पत्ते स्वस्त झाल्यावर गंजिफा मागे पडली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती संपण्याच्या बेतात होती. १९७० च्या दशकाच्या आरंभी शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागिरांना एकत्र करून या कलेला पुन्हा उभे केले. उरलेल्या मोजक्या जाणत्या हातांकडून नव्या पिढीने ती शिकून घेतली. सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये निवर्तल्या. राजवाड्यातील काम मात्र चालू राहिले. सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकनही लाभले आहे. या मानांकनाने गावाचे नाव सुरक्षित झाले. कारागिराच्या नावाची सोय त्यात नाही.

नावाची नोंद

पॅरिसच्या संघाने २७० वर्षांपूर्वी जे केले ते करायला आज सक्तीचा कायदा किंवा लोखंडी शिक्का लागत नाही. गंजिफेच्या पेटीच्या तळाशी रंगवणाऱ्याचे नाव, गाव आणि वर्ष लिहिले तरी पुरे. चौरंगाच्या खालच्या बाजूस सुताराने दोन अक्षरे कोरावीत, आणि घरातल्यांनी ती कोरायला सांगावे. वस्तू जुनी असेल तर घरातील वडीलधाऱ्यांना जे ठाऊक आहे ते छायाचित्रासह लिहून ठेवावे: कोणी बनविली, कोणाच्या लग्नात आली, कोठून आणली. ही माहिती एका पिढीच्या अंतराने कायमची पुसली जाते.

जुन्या घरातील सामान विकताना काही बाबी ध्यानात असाव्यात. १९७२ च्या पुरावस्तू व कलासंपदा कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठविता येत नाहीत. सोंगट्या किंवा फासे हस्तिदंती असतील तर वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांच्या खरेदीविक्रीस बंदी आहे. जुने लाकूड तासून नवे पॉलिश चढविण्याची घाईही टाळावी. वस्तूचे वय सांगणारी झीज आणि रंग त्यात निघून जातो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी जुनी खेळसाधने पाहिली तर रोजच्या वापरातील वस्तूही इतिहासाची साधने कशी होतात हे समजते.

खेळाचे मेज काय किंवा कापडी पट काय, दोन्ही वस्तू माणसांना समोरासमोर बसविण्यासाठीच जन्मल्या. डाव संपतात, खेळणारे उठून जातात. त्या संध्याकाळी बसायला जागा कोणी करून दिली होती, हे पॅरिसच्या मेजाखाली वाकून पाहिले तर कळते. भाट्याच्या एखाद्या घरातील चौरंग उलटा करून पाहिला तर बहुधा कोरे लाकूड दिसेल. पुढचा चौरंग तरी कोरा राहू नये.